मोबाईलवर विमान दिसतं ते कुठून, आणि आपल्या कौलावर अँटेना कशी लावायची

रत्नागिरीच्या आभाळात विमान दिसलं की फ्लाइटरडार२४ हे अ‍ॅप उघडून नंबर बघायचा हे आता पोरंटोरं पण करतात, पण तो डेटा येतो कुठून विचारलं तर बरेचजण म्हणतात सॅटेलाइटवरून. तसं नाय. सॅटेलाइट लागतो तो भर समुद्रात वगैरे. विमान जीपीएसवरून आपली जागा स्वतःच काढतं आणि १०९० मेगाहर्ट्झवर ती सेकंदाला साधारण दोनदा ओरडून सांगतं, त्याला एडीएस-बी म्हणतात, आणि ते ऐकून इंटरनेटवरून अ‍ॅपकडे धाडणारे रिसीव्हर बहुतेक हौशी लोकांनी घराच्या छपरावर लावलेले असतात.

तुम्हीही लावा की. आरटीएल-एसडीआर डोंगल (यूएसबीत खोचायचा छोटा रेडिओ रिसीव्हर), रास्पबेरी पाय (तळहाताएवढा कॉम्प्युटर), १०९० ची अँटेना, विमानाचे सिग्नल उलगडणारं डम्प१०९० सॉफ्टवेअर, झालं.

खरी मारामारी जागेची. सिग्नल सरळ रेषेत येतो, म्हणून अँटेना माडांच्या झावळ्यांतून जेवढी मोकळी काढाल तेवढी बरी. समुद्राकडचं उंचावरचं विमान ३०० किमीवरून पण सापडतं, पूर्वेला मात्र सह्याद्री आडवा, तिकडचं खालून जाणारं गायब. घरात ठेवाल तर चिऱ्याच्या भिंती सिग्नल खातात. केबल आखूड ठेवा आणि जोडांना वॉटरप्रूफ रबर टेप गुंडाळाच, मी पहिल्या वर्षी साधी चिकटपट्टी लावली आणि खाऱ्या वाऱ्यापावसात गणपतीपर्यंत कनेक्टर हिरवागार!

काही विमानं जागा सांगतच नाहीत, तेव्हा चारेक रिसीव्हरांवर सिग्नल पोचायच्या वेळेतला फरक मोजून ती काढतात, म्हणून शेजारच्या गावातल्या कोणालातरी पण पटवा.