माजी सैनिकांच्या मुलांनी पंतप्रधान शिष्यवृत्तीसाठी अर्ज कसा करावा

बारावीच्या निकालाची वाट पाहू नका. आजच पेटीतून डिस्चार्ज बुक (निवृत्तीच्या वेळी मिळालेली सेवेच्या नोंदींची वही) काढा आणि मुलांची नावं लिहिलेलं पान उघडा. बाळ झाल्यावर युनिटला कळवलेलं नाव ‘पिंकी’, दहावीच्या प्रमाणपत्रावर ‘प्रियांका’, शिवाय जन्मतारखेत फरक, असं अनेक घरांत निघतं. अर्ज अडतो तो इथे. तपशील जुळत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय गाठा आणि सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसकडून दुरुस्ती करून घ्या. याला वेळ लागतो, म्हणून हे काम सगळ्यात आधी.

ही शिष्यवृत्ती केंद्रीय सैनिक बोर्ड २००६-०७ पासून देतं. मुलीला महिना ३,००० रुपये, मुलाला २,५००. पैसे वर्षातून एकदाच खात्यात येतात, म्हणजे मुलीला ३६,००० आणि मुलाला ३०,०००. पहिल्या सत्राची फी मात्र आधी आपल्यालाच भरावी लागते, त्याची तजवीज ठेवा.

लाभ मिळतो तो माजी सैनिकांच्या आणि तटरक्षक दलातून निवृत्त झालेल्यांच्या मुलांना, तसंच या सैनिकांच्या विधवांना. प्रामुख्याने जवान, एनसीओ (नाईक, हवालदार) आणि जेसीओंच्या (सुभेदार वगैरे) घरांना. युद्धात वीरमरण आलेल्यांच्या आणि अपंगत्व आलेल्यांच्या कुटुंबांना प्राधान्य असतं. वडील अजून नोकरीत असतील तर ही योजना लागू नाही. निमलष्करी दलांसाठी गृह मंत्रालयाची वेगळी शिष्यवृत्ती आहे. दोन्हींच्या नावात ‘पंतप्रधान’ असल्याने भलत्याच ठिकाणी अर्ज भरला जातो.

अट अशी की बारावी, डिप्लोमा किंवा पदवी, ज्याच्या जोरावर प्रवेश मिळाला त्यात किमान ६० टक्के हवेत. अभ्यासक्रम व्यावसायिक आणि मान्यताप्राप्त असावा: इंजिनीअरिंग, एमबीबीएस, बी.फार्म., बी.एड., बीबीए, बीसीए वगैरे. पदव्युत्तरमध्ये फक्त एमबीए आणि एमसीए. अर्ज पहिल्या वर्षालाच करायचा. ‘यंदा राहू दे, पुढच्या वर्षी भरू’ म्हणालात तर संधी गेली.

प्रवेश झाला की कॉलेजकडून बोनाफाईड घ्या. विद्यार्थ्याच्या नावाचं, आधार जोडलेलं बँक खातं तयार ठेवा. गुणपत्रिका, दहावीचं प्रमाणपत्र, पीपीओ (पेन्शनचा आदेश) आणि डिस्चार्ज बुकची पानं स्वच्छ स्कॅन करा. माजी सैनिक असल्याच्या दाखल्यावर जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्यांची सही लागते. मग केंद्रीय सैनिक बोर्डाच्या संकेतस्थळावर नोंदणी करून अर्ज भरा आणि मूळ कागद घेऊन जिल्हा कार्यालयात पडताळणी करून या. शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. तेव्हा संकेतस्थळही रखडतं आणि कार्यालयातही रांग असते.

निवड झाली तरी दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं आणि त्यासाठी ५० टक्के गुण हवेत. पहिल्या वर्षी मिळाली आणि दुसऱ्या वर्षी नूतनीकरणच राहून गेलं, असं होतं तेव्हा फार हळहळ वाटते. निकाल हाती येताच हे काम उरका.

अभ्यासक्रम बीए, बीकॉमसारखा असेल तर निराश होऊ नका. हवालदार किंवा त्याखालच्या पदावरून निवृत्त झालेल्यांच्या दोन मुलांपर्यंत पहिलीपासून पदवीपर्यंत संरक्षण मंत्र्यांच्या माजी सैनिक कल्याण निधीतून वेगळं शैक्षणिक अनुदान मिळतं; नोव्हेंबर २०२५ पासून ते महिना १,००० वरून २,००० रुपये झालं आहे. मूल शिकायला परगावी जाणार असेल, तर जिल्हा कार्यालयात त्याच फेरीत सैनिकांच्या मुला-मुलींसाठीच्या वसतिगृहाचीही चौकशी करून या.