जुना फायबरग्लास फ्लाय रॉड घेताना

अमेरिकेत गराज सेलला (घरच्या जुन्या वस्तूंच्या विक्रीत) जुना फ्लाय रॉड, म्हणजे कृत्रिम माशी लावून मासे पकडायची काठी, स्वस्तात दिसला, तर आधी मुठीच्या वरचा मजकूर वाचा. पांढऱ्या कांडीवर गोल फिरत गेलेल्या रेघा असतील तर तो बहुधा शेक्सपिअर कंपनीचा वंडररॉड. ‘एचडीएच’ अशी अक्षरं दिसली तर गोंधळू नका. १९६१ मध्ये नंबर येण्याआधी लाइन (गळाची दोरी) कोणती ते सांगायची ती पद्धत. आजची ६ नंबरची लाइन लावा.

लाइन ओवायच्या कड्यांतून कापसाचा बोळा फिरवा. तंतू अडकले की समजा आत खाच पडलीय. तेवढी कडी बदला, नाहीतर महागडी लाइन खरवडून निघेल. कॉर्कची मूठ भांड्यांच्या साबणाने छान उजळते. रॉडचे तुकडे जोडणारा धातूचा जोड मात्र पॉलिश पेपरने घासू नका, स्पिरिटने पुसा. तो मुळातच खुळखुळत असेल तर रॉड तिथेच ठेवा. दुरुस्ती परवडत नाही.