चेक इंजिनचा दिवा लागला? आधी बॅटरी तपासा

मालवण-रत्नागिरीकडच्या खाऱ्या हवेत बॅटरीच्या टर्मिनलवर हिरवट-पांढरा थर चढतो, बॉडीला जोडलेली अर्थची वायर गंजते. मग व्होल्टेज डळमळतं आणि स्कॅनर (गाडीतल्या बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) भलत्याच सेन्सरचे कोड दाखवतो. म्हणून आधी बॅटरीला मल्टिमीटर (व्होल्टेज मोजणारं मीटर) लावा. रात्रभर उभ्या गाडीत साधारण १२.६ व्होल्ट, इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५. टर्मिनल साफ करताना निगेटिव्ह आधी सोडा, शेवटी जोडा.

मगच स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावा. कोड पुसण्याआधी लिहून ठेवाच! मेकॅनिकला तोच धागा लागतो. उदाहरणार्थ, पी०१७१ हा कोड म्हणजे हवा-इंधनाच्या मिश्रणात इंधन कमी. तेवढ्यावरून ऑक्सिजन सेन्सर बदलू नका, इंजिनात जादा हवा शिरणारी गळती शोधा. पावसात मोह झाला तरी बंद पडवीत इंजिन चालू ठेवू नका, धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.