माशांसाठी शेवाळ वाढवताय? या चुका टाळा

ओटोसिंक्लस (थोडक्यात ओटो) किंवा मोली या शेवाळ खाणाऱ्या माशांसाठी शेवाळ वाढवायला लागतं काय? दहा-पंधरा लिटरचा टब, मुठीएवढे सहा-सात खडबडीत दगड, माशांच्या टाकीतून काढलेलं पाणी आणि सकाळचं तीन-चार तास ऊन. तरी घोळ होतोच.

सगळ्यात मोठा घोळ म्हणजे हिरवं दिसेल ते शेवाळ समजणं. पाणी हललं नाही आणि तळाशी घाण साचली की दगडावर निळसर हिरवा, बुळबुळीत थर चढतो. हे सायनोबॅक्टेरिया, म्हणजे जिवाणू. पुढचं ठरलेलंच असतं. "मस्त हिरवा झालाय" म्हणत दगड टाकीत जातो, ओटो त्याकडे ढुंकूनही बघत नाहीत आणि थर वाळूवर, झाडांवर पसरतो. मग कुणीतरी अँटिबायोटिक ओतायला सांगतं. त्याचा फटका फिल्टरमधल्या, अमोनिया पचवणाऱ्या उपयोगी जिवाणूंनाही बसू शकतो. मग हा विषारी अमोनिया चढतो आणि मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतात. एवढं होण्याआधी दगड नखाने खरवडायला काय जातं? थर सलग सोलून निघाला, कुबट वास आला, तर सायनो. खरं हिरवं शेवाळ दगडाला चिकटून असतं, सहज निघत नाही. सायनोचे दगड ब्रशने घासून कडक उन्हात वाळवा, टबातलं पाणी बदला आणि एअरस्टोन (पंपाच्या हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावा.

दुसरा रोग घाईचा. सुरुवातीला दगडावर तपकिरी भुकटी धरते, ती लोक धुऊन टाकतात. अहो, ते डायटम, म्हणजे तपकिरी सूक्ष्म शेवाळ. ओटो ते आवडीने खातात! हिरवा थर यायला दोन-तीन आठवडे लागतात. टाकीच्या काचेवरचं खरवडून विरजणासारखं टबात घाला, जरा लवकर धरेल. चिमूटभर युरिया टाकणाऱ्यांना मात्र हात जोडावेत: पाणीच हिरवं होतं, आणि पाण्यात तरंगणारं शेवाळ ओटोला खरवडता येत नाही.

सगळे दगड एकदम टाकीत घालू नका. दोन आत, बाकीचे टबात. चाटून साफ झाले की अदलाबदल.

नळाचं ताजं पाणी नको, क्लोरीन असतं. दगडावर व्हिनेगर टाकून फेस आला तर तो चुन्याचा, बाद. आपला काळा बेसॉल्ट उत्तम. टबावर जाळी हवीच, नाहीतर डेंग्यूचे डास पोसाल. आणि टाकीच खिडकीत नेऊन ठेवू नका.

ओटो काचेला चिकटला की पोट बघा. खपाटीला गेलं असेल तर शेवाळाची वाट बघू नका, त्याच संध्याकाळी उकडलेली काकडीची चकती द्या, उरलेली सकाळी काढा.