टप मिटणाऱ्या गाडीवरचा पडदा निघाला की आधी काय बघायचं

नव्या हार्डटॉप कन्व्हर्टिबलचं, म्हणजे कडक टप मिटून डिकीत जाणाऱ्या गाडीचं, लाँचिंग बघायला जाणार असाल तर पडदा निघाल्यावर लगेच पुढं घुसू नका, गर्दी पांगू द्या आणि मग सेल्समनला सांगा की टप तीनदा उघडून बंद करून दाखवा. एकदा नाही, तीनदाच. पहिल्यांदा नुसतं बघून घ्या कारण पहिल्यांदा काय सुधरतच नाही, नाद खुळा दिसतंय ते. दुसऱ्यांदा गाडीच्या मागं बाजूला उभं राहा. तिसऱ्यांदा डोळे मिटून नुसतं ऐका.

मागं उभं राहिलात की सगळा क्रम दिसतो. आधी काचा जरा खाली सरकतात, मग डिकीचं झाकण नेहमीसारखं न उघडता मागच्या बाजूला उलटं उघडतं, पुढच्या काचेवरचं लॉक सुटतं, टपाचे दोन किंवा तीन तुकडे एकमेकांवर मिटत मागच्या काचेसकट डिकीत जाऊन बसतात आणि वरून झाकण बंद. ह्यात कुठंही हिसका बसायला नको. बहुतेक गाड्यांत हे काम हायड्रॉलिक पंपावर चालतं, त्याचा आवाज सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा आला पाहिजे, मधेच दम लागल्यासारखा झाला तर कारण विचारा. टप बंद झाल्यावर सांध्यावरून बोट फिरवा, डावीकडची फट आणि उजवीकडची फट सारखी पाहिजे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात कास्टिंगवर मशिनिंग केलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको, त्याच्या बोटालाच कळतंय.

ही कल्पना नवीन आहे असं बऱ्याच जणांना वाटतं पण तसं नाही. फ्रान्समध्ये जॉर्ज पॉलँ नावाचा माणूस होता, धंद्यानं दातांचा डॉक्टर, त्याच्या पेटंटवर प्यूजो कंपनीनं १९३४ ला अशी गाडी काढली. पुढं १९५७ ला फोर्डची स्कायलायनर आली, तिच्यात टपासाठी ६१० फूट वायर होती आणि तीन वर्षांत ती बंद पडली. मर्सिडीजनं १९९६ ला एसएलके आणली तेव्हा २५ सेकंदात टप आत जायला लागला आणि खरी हवा तिथून झाली.

आता डिकी. टप आत गेला की डिकी जवळपास निम्मी होते, बीएमडब्ल्यू झेड४ च्या २००९ च्या मॉडेलमध्ये ३१० लिटरची १८० व्हायची. म्हणून महालक्ष्मी एक्सप्रेसला नेता तीच बॅग घेऊन शोरूमला जा आणि टप उघडा असताना बसवून बघा. डिकीत एक सरकता पडदा किंवा पार्टिशन असतं, ते जागेवर नसलं तर सेन्सर टप हलूच देत नाही, लोक उगाच गाडी बिघडली म्हणून घाबरतात.

घरच्या पोर्चची उंची मात्र आदल्या दिवशीच मोजून ठेवा. टप मिटताना गाडीपेक्षा बराच वर उचलला जातो, आणि आपल्याकडं जुन्या घरांचे पोर्च लई बुटके. मागच्या भिंतीपासूनचं अंतर पण बघा, झाकण मागं येतंय.

पावसाचं मला सगळ्यात जास्त सांगायचंय. ओळखीतल्या एकानं सेकंड हँड घेतली होती, गुलमोहराखाली लावायचा. जुलैत एक दिवस ड्रायव्हरच्या पायाखालचं कार्पेट दाबलं तर पाणी वर आलं. टपाच्या कडेनं पाणी खाली न्यायला बारीक नळ्या असतात, त्यात ती बारकी पानं कुजून काळा चिखल झालेला. आम्ही गवत कापायच्या मशीनची नायलॉन दोरी हळूहळू आत सारली, दहा मिनिटांनी खालून भसकन पाणी सुटलं. कंप्रेसरची हवा मारू नका, आतली नळी निखळते. तर ह्या नळ्यांची तोंडं कुठं आहेत ते सेल्समनकडनं बोट ठेवून दाखवून घ्या आणि मोबाईलवर फोटो काढा.

रबराला सिलिकॉनचं लोशन लावायचं, ते पण थोडंसं, फडक्यानं. ऑईल, डिझेल काय लावू नका, रबर फुगतं. वॉशिंगला दिली तर प्रेशरचा फवारा सांध्यावर मारू नको म्हणून स्वतः उभं राहून सांगा. आणि टप खालीवर करताना इंजिन चालू ठेवा, नाहीतर बॅटरी बसते.

टेस्ट ड्राईव्हला हायवेवर नेतील, तुम्ही खराब रस्ता मागा, टप बंद ठेवा, रेडिओ बंद करा. डोक्यावर कुरकुर आली तर सांधा किंवा रबर बघायला लावा.

निघायच्या आधी एक विचारायचंच. टप अर्ध्यात अडकला तर हातानं कसा बंद करायचा? रंकाळ्यावर संध्याकाळी टप उघडा आणि वरून सर आली, अशा वेळी मॅन्युअल वाचत कोण बसणार, म्हणून ते तिथंच करून दाखवायला लावा, आणि त्याला लागणारं पान्याचं टूल गाडीत कुठं ठेवलंय ते स्वतःच्या हातानं काढून बघा.