पॉझिटिव्ह गरोदर बाईची गोळी चुकू नये म्हणून

बीड जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी तेरा वर्षं एचआयव्ही समुपदेशक आहे. टेबल, दोन खुर्च्या आणि आतून लावता येणारं दार, एवढीच माझी खोली. हे लिहितेय ते नव्या आशाताईंसाठी, सिस्टरांसाठी आणि ज्यांच्या घरात अशी सून किंवा लेक आहे त्यांच्यासाठी.

एचआयव्हीचं औषध, म्हणजे एआरटी, सरकारी एआरटी केंद्रावर फुकट मिळतं. बहुतेकींना दिवसाला एकच गोळी असते. उपचारच नसतील तर आईकडून बाळाला लागण होण्याचं प्रमाण शंभरात पंधरा ते पंचेचाळीस असतं, वेळेवर आणि नीट उपचार घेतले तर ते पाचाच्या खाली येतं. एवढं हाताशी असून गोळी चुकते. का चुकली, हे मी प्रत्येकीला विचारते. "विसरले" असं सांगणाऱ्या थोड्या. बाकीच्या सांगतात, "जाऊबाई समोर होत्या", "नणंद राहायला आलीय", "डबी कुणी उघडली तर काय सांगू?" म्हणून नुसतं "ताई, गोळ्या वेळेवर घ्या" म्हणून आपलं काम होत नाही.

सुरुवात रिपोर्ट सांगण्यापासून करा. गरोदरपणात तपासणी होते म्हणून घरात पहिला रिपोर्ट बाईचा येतो, आणि तेवढ्यावरून "हिनंच आणलं" असं ठरतं. मी तिला पहिल्यांदा हेच सांगते, की तुझी तपासणी आधी झाली कारण तू गरोदर आहेस. कोणाकडून कोणाला आलं हे या कागदावरून कळत नाही. नवरा आला की त्यालाही हेच वाक्य, याच शब्दांत. पण त्याला बोलवायच्या आधी तिला विचारा, "मालकांना कळलं तर घरी काय होईल?" ती गप्प बसली किंवा मार पडेल म्हणाली तर घाई करू नका. तिचं औषध त्याच्यासाठी थांबवायचं नाही, त्याची परवानगीही लागत नाही. दोघांना एकत्र बसवून सांगायचं की त्यालाच आधी तपासणीला बोलवायचं, हे तिला ठरवू द्या.

सासूला तर मुळीच सांगायचं नाही, फाइल तिच्या हातात असली तरी. 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे, आणि तिच्या संमतीशिवाय तिची स्थिती उघड करायला तो मनाई करतो. एकदा एक सासूबाई दारातच उभ्या राहिल्या, "काय झालंय आमच्या सुनेला?" मी म्हटलं, "मावशी, तिच्या तब्येतीचं मी तिलाच सांगते. तुमची तपासणी असती तर तुमचं तुम्हालाच सांगितलं असतं." त्या रागावून बाहेर गेल्या. सून आत बसून ऐकत होती. त्यानंतर तिची एकही तारीख चुकली नाही.

आता गोळी. तिच्याबरोबर बसून तिचं घर डोळ्यांपुढे आणा: किती खोल्या, कोण कुठं झोपतं, पाण्याचा तांब्या कुठं असतो, दिवा कधी मालवतात. गोळीची वेळ या उत्तरांतून निघते. एकत्र कुटुंबात रात्रीची भांडी झाल्यावरची वेळ बऱ्याच जणींना जमते, सुरुवातीच्या महिन्यांत सकाळी उलट्या होतात त्यांनाही. डबी खडखडते, याची बायकांना फार भीती वाटते. स्वच्छ कापसाचा बोळा आत घाला. वरचं लेबल काढलं तरी चालतं, पण गोळ्या कागदाच्या पुडीत बांधू नका आणि डबीतली ओल शोषणारी छोटी पुडी फेकू नका. एखाद्या दिवशी राहिलीच तर आठवेल तेव्हा घ्यायची, दुसऱ्या दिवशी दोन एकदम नाहीत. घेतल्या घेतल्या उलटी झाली तर काय करायचं, हे पहिल्याच दिवशी एआरटीच्या डॉक्टरांकडून तिच्या कानावर घाला.

एक गोष्ट आशाताईंनी नीट ध्यानात ठेवायची, कारण लोहाच्या लाल गोळ्या आणि कॅल्शियम आपणच वाटतो. हल्लीच्या एआरटीच्या गोळीत डोल्युटेग्रॅविर असतं. रिकाम्या पोटी लोह किंवा कॅल्शियम सोबत घेतलं तर डोल्युटेग्रॅविर अंगात कमी शोषलं जातं. म्हणून एआरटीची गोळी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावी. ते जमत नसेल तर जेवणासोबत घ्यावी, मग एकत्र चालतात. माझ्याकडे एक जण होती, सगळ्या गोळ्या पहाटे उपाशीपोटी एकदम घ्यायची, कारण तेवढाच वेळ ती घरात एकटी असे. एकही दिवस न चुकवता तिचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूंचं प्रमाण, खाली येईना. आम्ही तिला रागावणारच होतो! बरं झालं आधी विचारलं. आधी विचारा.

घरभेटीला जाताना फक्त तिच्याच घरी जाऊ नका. गल्लीतल्या सगळ्या गरोदर बायांकडे जा, तिच्याकडे मधेच. अंगणात उभं राहून "गोळ्या घेतेस ना?" असं कधीच नाही. आमच्या एका आशाताईंनी खूण ठरवली होती, "झोप लागते का गं?" म्हणजे गोळी. "लागते" म्हणजे घेतली, "मधेच जाग येते" म्हणजे काहीतरी अडलंय, दवाखान्यात बोलू. माता-बाल संरक्षण कार्डावर वरच्या बाजूला खूण, लाल पेनची रेघ, केसपेपरच्या पाठीवर मोठ्या अक्षरात लिहिणं, हे सगळं बंद करा. कार्ड घरातले सगळे हाताळतात.

सातव्या महिन्यात ओटी भरली की लेक माहेरी निघते. आमच्याकडे गोळ्या तुटायची सगळ्यात मोठी जागा हीच, आणि दुसरी ऊसतोड. ओटीभरणाची तारीख विचारून ठेवा. त्याआधी एआरटी केंद्राशी बोलून जास्त महिन्यांच्या गोळ्या किंवा माहेरजवळच्या केंद्राची चिठ्ठी तिच्या हातात द्या, आणि तिथल्या समुपदेशकाला तिच्या समोर फोन लावा, म्हणजे तिकडे गेल्यावर पहिल्यापासून सगळं सांगायची वेळ तिच्यावर येत नाही. 32 ते 36 आठवड्यांत व्हायरल लोडची तपासणी करायची असते, ती याच धावपळीत राहून जाते. टोळीबरोबर जाणाऱ्या बाईला मुकादम कुठल्या कारखान्यावर नेतोय ते दसऱ्याआधी विचारा. तिथल्या कोपीत, म्हणजे झोपडीत, कुलूप नसतं, म्हणून डबी कुठं ठेवायची तेही इथंच ठरवून जाऊ द्या. गावाचं नाव ऐनवेळी बदललं तर 1097 या मोफत हेल्पलाइनवर जवळचं केंद्र विचारता येतं, हा नंबर तिला पाठ करायला लावा.

बाळंतपण सरकारी दवाखान्यातच होऊ द्या. केवळ एचआयव्ही आहे म्हणून सिझर करावं लागत नाही. खाट वेगळी टाकणं, सगळ्यांत शेवटी हात लावणं, मावशींनी चादर काठीनं उचलणं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि त्या बाईचा चेहराही. हातमोजे प्रत्येक बाळंतिणीला घालायचे असतात, हिला वेगळे दोन घालायचे नसतात. वॉर्डातल्या मावशींना बाजूला घेऊन पंधरा मिनिटं नीट समजावलं की बहुतेक जणी बदलतात. भीती त्यांनाही असते. त्यांना हसू नका, शंकांची उत्तरं द्या.

बाळ जन्मलं की त्याला नेव्हिरॅपीनचं पातळ औषध रोज, किमान सहा आठवडे. कोणी विचारलं तर "डॉक्टरांनी दिलंय" एवढं पुरे, आणि ते खरंच आहे. अंगावर पाजायचं ठरलं असेल तर पहिले सहा महिने फक्त अंगावरचं. मध, घुटी, वरचं दूध, पाणी काही नाही. इथं आजीचा हात आड येतो, म्हणून ही गोष्ट मी वॉर्डातल्या सगळ्याच आज्यांना एकत्र बसवून सांगते. सहा महिने निव्वळ आईचं दूध हे प्रत्येक बाळासाठी आहेच, त्यात कोणाचं गुपित फुटत नाही. आईनं स्वतःची गोळी मात्र या काळातही आणि पुढं कायम चालू ठेवायची. बाळ झालं की "आता काय गरज" असं वाटून सोडणाऱ्या मी पाहिल्यात.

बाळाची पहिली तपासणी सहा आठवड्यांनी, टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन. सव्वा महिना नुकताच संपलेला असतो आणि बाळंतिणीला बाहेर काढायला घरचे कां-कूं करतात. पण लसीचा पहिला मोठा डोसही सहा आठवड्यांचाच. तारीख त्याच दिवशी लावून घ्या. पुढे सहा महिने, एक वर्ष आणि अठरा महिने. अठराव्या महिन्याची शेवटची तपासणीही बूस्टरच्या दिवशीच ठेवा, म्हणजे "आज दवाखान्यात कशाला?" या प्रश्नाला तिच्याकडे खरं उत्तर असतं: लस आहे.