कोलाच्या पीटीएल पदासाठी उभं कसं राहावं

ओपनस्टॅक म्हणजे क्लाउड उभारण्याचं मुक्त सॉफ्टवेअर. त्याच्या बहुतेक प्रोजेक्टना एक तांत्रिक प्रमुख असतो, त्याला सगळे पीटीएल (प्रोजेक्ट टीम लीड) म्हणतात. दर सहा महिन्यांच्या रिलीजसाठी या पदाची नव्याने निवडणूक होते. इथे उदाहरण घेतलं आहे कोलाचं. कोलामध्ये ओपनस्टॅकच्या सेवांच्या कंटेनर इमेज (चालवायला तयार अशी गाठोडी) तयार होतात, कोला-अँसिबल त्या सर्व्हरवर चढवतं आणि कायोबे त्याआधी सर्व्हर तयार करण्याचं काम करतं. ओपनस्टॅक-अँसिबल किंवा ओपनस्टॅक-हेल्मसाठी उभं राहायचं असेल तरी पद्धत हीच.

आधी एक गोष्ट स्पष्ट असू द्या. अर्ज भरणं हे यातलं सगळ्यात सोपं काम आहे. निवडणुकीचा निकाल बहुतेक वेळा त्याआधीच्या सहा-आठ महिन्यांतल्या रिव्ह्यूंनी, म्हणजे इतरांचे बदल तपासून दिलेल्या शेऱ्यांनी, लावलेला असतो. बऱ्याच प्रोजेक्टमध्ये तर एकच उमेदवार उभा राहतो आणि मतदान न होताच तो निवडून येतो.

पात्रता

नियम दोनच. तुम्ही ओपनइन्फ्रा फाउंडेशनचे वैयक्तिक सदस्य असायला हवं (सदस्यत्व मोफत आहे) आणि प्रोजेक्टच्या एखाद्या रिपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) गेल्या दोन रिलीजच्या काळात तुमचा किमान एक पॅच, म्हणजे बदल, मर्ज झालेला (मंजूर होऊन कोडमध्ये गेलेला) असायला हवा. मतदारांनाही हेच निकष लागू होतात. पॅच फक्त अपलोड झालेला चालत नाही, तो मर्ज झालेला लागतो. कोड न लिहिता प्रोजेक्टसाठी राबणाऱ्यांची नावं 'एक्स्ट्रा' यादीत घालता येतात, पण ते निवडणुकीच्या बरंच आधी उरकावं लागतं.

कागदोपत्री एका पॅचवर उभं राहता येतं, पण तेवढ्यावर कोणी मत देत नाही. निदान एक-दोन रिलीज कोअर रिव्ह्यूअर म्हणून काम केलेलं असावं, म्हणजे प्लस-टू (पॅचला पूर्ण संमती) देण्याचा अधिकार आणि तो जपून वापरल्याची नोंद दोन्ही गेरिट या रिव्ह्यूच्या साइटवर दिसतात. कोअर नसतानाही कोणी निवडून येऊ शकतं, नियम आड येत नाही. मात्र मग रिलीजच्या आठवड्यात प्रत्येक पॅचसाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावं लागतं.

आधी नोकरीच्या ठिकाणी बोला

ही पायरी लोक गाळतात आणि मग रिलीजच्या मध्यावर गायब होतात. कोलासारख्या मध्यम आकाराच्या प्रोजेक्टला आठवड्यातले दीड-दोन दिवस सहज लागतात, रिलीजच्या तोंडावर त्याहून जास्त. पुढचे सहा महिने एवढा वेळ मिळेल, असं वरिष्ठांकडून ईमेलवर लेखी घ्या. तोंडी होकार पुढच्या तिमाहीत कोणाला आठवत नाही.

भारतात बसून काम करणाऱ्यांनी घड्याळही बघावं. कोलाचे बरेच कोअर युरोपात आहेत. आयआरसी या चॅटवरची बैठक 14:00 यूटीसीला असेल तर आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात. ही वेळ दर आठवड्याला पाळता येणार नसेल, तर बैठक चालवणारा दुसरा माणूस आधीच ठरवून ठेवा.

काम काय असतं

पीटीएल कोणाचा साहेब नसतो, कारण त्याच्या हाताखाली कोणी पगारी माणूस नसतो. टीममध्ये तांत्रिक वाद अडला तर शेवटचा शब्द त्याचा, आणि त्यावरही तांत्रिक समितीकडे, म्हणजे टीसीकडे, दाद मागता येते. बाकीचा वेळ साफसफाईतच जातो: बैठकीची विषयसूची, लाँचपॅड या साइटवर नोंदलेल्या बगांची छाननी, वर्षातून दोनदा होणाऱ्या पीटीजी या नियोजनाच्या बैठकीसाठी ईथरपॅड (सगळ्यांनी मिळून लिहायचं पान) भरणं, जुन्या स्टेबल शाखांची, म्हणजे आधीच्या रिलीजच्या कोडची, देखभाल.

सगळ्यात नाजूक काम रिलीजचं. नोव्हा, न्यूट्रॉन वगैरे सेवा ठरलेल्या दिवशी बाहेर पडतात. त्या बाहेर पडल्याशिवाय त्यांच्या पक्क्या इमेज बांधता येत नाहीत, म्हणून डिप्लॉयमेंटचे प्रोजेक्ट मागून येतात आणि त्यांना मुख्य रिलीजनंतर तीन महिन्यांपर्यंत मुभा असते. ही मुभा फसवी आहे. मास्टर शाखा (चालू कामाचा मुख्य कोड) तोवर पुढच्या रिलीजच्या बदलांना खुली करता येत नाही, आणि उशीर जितका वाढेल तितकं पुढचं चक्र आखडतं. रिलीजची विनंतीसुद्धा पॅचच असते. रिलीजेस रिपॉझिटरीतल्या यॅमल फाइलमध्ये आवृत्ती आणि कमिटचा हॅश टाकायचा, आणि त्यावर पीटीएलची किंवा रिलीज लिएझनची (रिलीजच्या समन्वयकाची) संमती लागते.

शिवाय झूल या स्वयंचलित यंत्रणेवरच्या चाचण्या. कोलाला रॉकी लिनक्स, उबुंटू आणि डेबियन अशा तिन्ही लिनक्स डिस्ट्रोंवर बांधणी, उभारणी आणि अपग्रेड तपासावं लागतं. त्यामुळे आपल्या कोडमध्ये एक अक्षरही न बदलता गेट (मर्जआधीची सक्तीची चाचणी) बंद पडतो, कारण कुठल्यातरी डिस्ट्रोच्या मिररवर (पॅकेजच्या प्रती ठेवणाऱ्या सर्व्हरवर) एखादं पॅकेज बदललेलं असतं. 2020 च्या अखेरीस इमेज ठेवण्याच्या डॉकर हब या सेवेने डाउनलोडवर मर्यादा घातली तेव्हा इमेजसाठी दुसरी जागा शोधावी लागली. आता त्या क्वे डॉट आयओवर असतात. असं काही घडलं की 'रिचेक' लिहून तीच चाचणी पुन्हा पुन्हा चालवत बसू नये. कारण सापडेपर्यंत तो जॉब तात्पुरता नॉन-व्होटिंग (नापास झाला तरी पॅच न अडवणारा) करावा आणि तसं बैठकीत जाहीर करावं.

उमेदवारीचं पत्र

तीनशे ते चारशे शब्द पुरे, अर्थात इंग्रजीत, कारण मतदार जगभर पसरलेले आहेत. 'मी समुदाय वाढवण्याचा प्रयत्न करेन' असली वाक्यं काढून टाका, ती प्रत्येक पत्रात असतात. त्याऐवजी असं लिहा: 'दीड महिन्याहून जुने पॅच रिव्ह्यूविना पडून आहेत. दर बैठकीच्या शेवटची पंधरा मिनिटं त्यांतल्या पाचांवर घालवू.' वाचणाऱ्याला लगेच कळतं की या माणसाने रांग खरंच पाहिली आहे.

मागच्या पीटीएलने अर्धवट सोडलेली कामं नावानिशी लिहा. काय करणार नाही, तेही लिहा. एखाद्या डिस्ट्रोचा आधार काढायचा विचार असेल तर तो निवडून आल्यावर नव्हे, इथेच सांगा. नोकरी कुठे करता, हे लपवू नका. डिप्लॉयमेंटच्या प्रोजेक्टमध्ये एकाच कंपनीवर भार पडला की काय होतं, हे ट्रिपलओ या अशाच प्रोजेक्टच्या बाबतीत दिसलं. त्याचं बहुतेक काम रेड हॅटच्या लोकांकडे होतं. कंपनीने ओपनशिफ्ट या आपल्या कंटेनर-प्रणालीवर आधारलेला मार्ग धरल्यावर 2023 मध्ये ट्रिपलओ गुंडाळला गेला आणि वापरणाऱ्यांना स्थलांतराची सोय बघावी लागली. म्हणून मतदार विचारणारच: तुम्ही नोकरी बदलली तर प्रोजेक्टचं काय? याचं उत्तर पत्रात असू द्या.

अर्ज भरणं

अर्ज म्हणजे एक पॅच. क्रम असा:

1. तुमचा प्रोजेक्ट अजून पीटीएलच्या पद्धतीवर आहे ना, ते गव्हर्नन्स रिपॉझिटरीत पाहा. काही प्रोजेक्टनी वाटून घेतलेलं नेतृत्व, म्हणजे डीपीएल, स्वीकारलं आहे. तिथे निवडणूक नसते. रिलीज, सुरक्षा आणि इन्फ्रासाठी वेगवेगळे लिएझन असतात.
2. ओपनडेव्ह या ओपनस्टॅकच्या कोड-साइटवरची 'इलेक्शन' रिपॉझिटरी क्लोन करा.
3. 'कँडिडेट्स' फोल्डरमध्ये रिलीजचं फोल्डर, त्यात प्रोजेक्टचं फोल्डर. प्रोजेक्टचं नाव गव्हर्नन्सच्या यादीत जसं आहे तसंच लिहा. नावात जागा असेल तर तिथे अंडरस्कोर.
4. त्यात साधी टेक्स्ट फाइल करा. फाइलचं नाव म्हणजे तुमचा ईमेल पत्ता, मजकूर म्हणजे पत्र.
5. कमिट करताना साइन्ड-ऑफ-बाय ओळ घाला. जुलै 2025 पासून योगदान देणाऱ्यांकडून घेतल्या जाणाऱ्या जुन्या सीएलए कराराची जागा या ओळीने घेतली आहे.
6. 'गिट रिव्ह्यू' ही आज्ञा देऊन पॅच गेरिटवर पाठवा, झूलचा निकाल पाहा आणि निवडणूक अधिकाऱ्यांच्या शेऱ्याची वाट पाहा.

चौथ्या पायरीवर सगळ्यात जास्त घोळ होतो. फाइलच्या नावातला पत्ता, फाउंडेशनच्या प्रोफाइलमधला पत्ता आणि गेरिटवरचा मुख्य पत्ता एकच हवा. नोकरी बदललेली असते, प्रोफाइलमध्ये जुन्या कंपनीचा मेल तसाच असतो, आणि अधिकाऱ्यांना तुमचं सदस्यत्व सापडत नाही. हे निवडणुकीच्या महिनाभर आधी तपासा, आणि शक्यतो कंपनीचा नव्हे, स्वतःचा पत्ता वापरा.

अर्जाची मुदत बहुधा 23:45 यूटीसीला संपते. आपल्याकडे तेव्हा दुसऱ्या दिवशीचे पहाटेचे सव्वापाच वाजलेले असतात. शेवटच्या रात्री पॅच टाकलात तर चूक दुरुस्त करायला वेळ उरत नाही. दोन दिवस आधी टाका. मुदत हुकलीच आणि दुसरा कोणी उमेदवार नसेल, तर प्रोजेक्ट नेतृत्वाविना पडल्याची नोंद होते आणि निर्णय टीसीकडे जातो. टीसी उशिरा आलेल्याला नेमू शकते, पण तो तुमचा हक्क राहत नाही.

मतदान झालंच तर

दोन किंवा अधिक उमेदवार असले तर मतदान सीआयव्हीएस या सेवेवर होतं. मतदार उमेदवारांना पसंतीक्रम देतो आणि जो प्रत्येकाला एकास-एक लढतीत हरवतो तो जिंकतो. या पद्धतीत सगळ्यांची दुसरी पसंती असणंही कामाला येतं, तेव्हा प्रतिस्पर्ध्यावर टीका करून फायदा नाही. मतदारांनी सीआयव्हीएसवर आपला ईमेल एकदा सक्रिय केलेला नसेल तर मतपत्रिका त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही. नियमित योगदान देणाऱ्यांना याची आठवण करून द्या. त्यात प्रचार नाही, तटस्थपणेही करता येतं.

निवडून आल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत कोअरची यादी तपासा, वर्षभर न फिरकलेल्यांना विचारून कमी करा, आणि रिलीज व सुरक्षेसाठी वेगळी माणसं नेमा. हरलात, तर पत्रात लिहिलेल्या कामांपैकी एक उचलून त्याचा पॅच टाका. त्यासाठी पद लागत नाही. आणि पुढच्या वेळी उभं राहायचं नसेल, तर अर्ज सुरू होण्याच्या किमान महिनाभर आधी बैठकीत तसं सांगून टाका, म्हणजे दुसऱ्या कोणाला आपल्या नोकरीच्या ठिकाणी बोलायला वेळ मिळेल.